विमानांची वही

पक्षी पाहणाऱ्या माणसाला मराठीत नाव आहे. 'पक्षिनिरीक्षक' म्हटले की गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही असलेला गृहस्थ डोळ्यांसमोर उभा राहतो आणि त्याच्याविषयी आदरही वाटतो. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची नावे जंगलात हिंडून, तिथल्या माणसांच्या तोंडून गोळा केली आणि कोशात आणली. त्यामुळे या छंदाला भाषेत घर मिळाले. विमाने पाहणाऱ्याला मात्र मराठीत नाव नाही. इंग्रजीत त्याला 'प्लेन स्पॉटर' म्हणतात. आम्ही 'विमाननिरीक्षक' असा शब्द घडवून पाहिला. पण तो सरकारी पदनामासारखा वाटतो, जणू हा मनुष्य विमान तपासून त्यावर शिक्का मारतो. 'विमानवेडा' म्हणावे तर त्यात चेष्टा आहे. तेव्हा या लेखात आम्ही 'विमाने पाहणारा' एवढेच म्हणणार आहोत. नाव नसल्यामुळे काय होते, हे पुढे येईलच.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दोघेही आकुर्डीत राहतो. आकुर्डीची ओळख सगळी जमिनीवरची आहे: बजाजचा कारखाना (तिथले वाहनांचे उत्पादन २००७मध्ये थांबले, तरी ओळख उरलीच), खंडोबाचा माळ, रेल्वे स्थानक आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. आकाश कुणी हिशेबात धरीत नाही. वास्तविक लोहगावचा विमानतळ इथून सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. त्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम. तिच्या दोन टोकांवर १० आणि २८ असे आकडे रंगवलेले असतात. होकायंत्रावरच्या शंभर आणि दोनशे ऐंशी अंशांतले शेवटचे शून्य गाळून ते तयार होतात. पश्चिमेकडून उतरणारी विमाने आमच्या दक्षिणेच्या अंगाने जातात. उतरण्याचा कोन साधारण तीन अंशांचा असतो, म्हणजे दर किलोमीटरला बावन्न-त्रेपन्न मीटर खाली. हा हिशेब एकदा कळला की धावपट्टी पंधरा किलोमीटरवर असताना विमान जमिनीपासून आठशे मीटरच्या आसपास असणार, हे वहीत न मांडताही सांगता येते. निगडीच्या दुर्गा टेकडीवरून पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी ती एकामागून एक उतरताना दिसतात, अंगठ्याच्या नखाएवढी. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. विमान वाऱ्याला तोंड देऊन चढते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात सुटणारी विमाने आमच्या बाजूला चढत येतात आणि बहुधा ढगांत शिरून नाहीशी होतात.

हे सगळे आम्हांला पूर्वी ठाऊक नव्हते. विमानाचा आवाज आमच्या लेखी तासाला येणारा व्यत्यय होता. सुखोई गेले की वर्गात वाक्य अर्धे सोडून थांबायचे आणि मुलांनी तेवढ्यात बोलून घ्यायचे, असा अलिखित करार होता. आवाजाकडे लक्ष गेले ते तो बंद पडल्यावर. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमाने थांबली होती. पुढे धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस लोहगावची नागरी वाहतूक पूर्ण बंद राहिली. त्या काळात आकाश किती रिकामे होते असे अनेकांनी लिहिले. आम्हांला ते रिकामे वाटले नाही, घारी होत्याच. फक्त वाक्ये पुरी होऊ लागली.

विमाने पाहण्याचे शास्त्र आम्ही विद्यार्थ्यांकडून शिकलो. २०२४-२५च्या शैक्षणिक वर्षात तृतीय वर्ष कलाच्या वर्गाला आम्ही ललित गद्याच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी एक काम दिले होते: कोणतीही एक गोष्ट निवडा, महिनाभर रोज पाहा आणि रोज नोंद करा. कुणी शेजारच्या वाड्यातली तुळस निवडली, कुणी बसथांबा, एका मुलीने स्वतःच्या आजीचे हात. दोघांनी विमाने निवडली. हे दोघे मित्र. एकाचे वडील अभियंते. त्याच्याकडे चांगला कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग. दुसऱ्याचे वडील भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्याच्याकडे दोनशे पानी वही. त्या वहीविषयी आम्हांला लिहायचे आहे.

पण आधी शास्त्र. नवख्याला सगळी विमाने सारखी दिसतात, जशी नवख्या विद्यार्थ्याला सगळी हस्तलिखिते. थोडे शिकल्यावर एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ वेगळी दिसू लागतात. बोइंगचे उभे शेपूट पाठीला मिळते तिथे पुढच्या बाजूस एक तिरका जोडतुकडा असतो. एअरबसचे शेपूट सरळ पाठीतून उगवते. बोइंग ७३७ची मुख्य चाके आत घेतल्यावरही झाकली जात नाहीत, पोटाखाली दोन काळी वर्तुळे दिसत राहतात. एटीआरचे पंख खांद्यावर आणि पंख्याला सहा पाती. सुखोईला दोन शेपट्या आणि मानेजवळ आणखी एक छोटी पंखांची जोडी. प्रकार ओळखणे ही पहिली पायरी. खरा विमाने पाहणारा तेवढ्यावर थांबत नाही. त्याला नोंदणीची अक्षरे हवी असतात. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरे लिहिलेली असतात, आणि ती त्या एकाच विमानाची असतात. 'व्हीटी' म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असे पुष्कळांच्या तोंडी आहे आणि त्यावरून अधूनमधून संताप व्यक्त होतो. भाषेच्या अभ्यासकाला ही नमुनेदार लोकव्युत्पत्ती वाटेल. बिनतारी संदेशांसाठी देशोदेशी अक्षरे वाटली गेली तेव्हा 'व्ही'ने सुरू होणारे संच ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला आले, त्यांतला हा एक. साम्राज्याची खूण त्यात आहेच, व्हाइसरॉय मात्र नंतर लोकांनी बसवला.

आमच्यापैकी एकाचा पीएच.डी.चा विषय पाठसंशोधन होता. त्याला या छंदात लगेच रस वाटला, कारण हे कामच पोथ्या ताडून पाहण्यासारखे आहे. एकाच कंपनीची साठ विमाने एकाच प्रकारची, एकाच रंगाची. तरी प्रत्येकावर काहीतरी वेगळे असते. एकाच्या दरवाजापाशी रंगाचा ठिगळ, दुसऱ्याच्या नाकावर जुन्या मालकाच्या रंगाची रेघ उरलेली. एअर इंडिया एक्सप्रेसच्या पूर्वीच्या विमानांवर शेपटाच्या डाव्या बाजूला एक चित्र आणि उजव्या बाजूला दुसरे असे. म्हणजे दुर्गा टेकडीवरून पाहणाऱ्याने आणि धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाने पाहणाऱ्याने वेगवेगळी वर्णने लिहिली असती आणि दोन्ही खरी ठरली असती. अलीकडच्या विमानांवर त्या कंपनीने बांधणी, अजरख, पाटोळा अशा वस्त्रांची नक्षी आणली आहे. वहीवाल्या मुलाने यांतल्या एका शेपटाखाली 'अजरख' असे नेमके लिहिले होते. विचारल्यावर म्हणाला, "आईच्या ओढणीवर आहे, सर."

छायाचित्रणाचे शास्त्र वेगळे. जेट विमानाला झडपेचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तरी चालतो. पंख्याच्या विमानाला तेवढा ठेवला तर पाती गोठतात आणि विमान आकाशात टांगल्यासारखे दिसते, म्हणून तिथे वेग दोनशेव्या भागापर्यंत खाली आणायचा आणि हात स्थिर ठेवायचा. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, त्या वेळी कितीही महाग भिंग असले तरी विमानाच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या डुलतात. हिवाळ्यात पिंपरीच्या बाजूला धुरकट पडदा असतो. थोडक्यात, आकुर्डीहून छायाचित्रे चांगली येत नाहीत. चांगली हवीत तर धावपट्टीजवळ जावे लागते.

आणि लोहगावला धावपट्टीजवळ जाऊन कॅमेरा काढता येत नाही. तो मुळात लष्करी तळ. १९३९मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, मुंबईच्या संरक्षणासाठी ब्रिटिशांनी तो उभारला. सुखोई-३० एमकेआय प्रथम वायुदलात दाखल झाली ती इथेच, २७ सप्टेंबर २००२ रोजी. प्रवासी विमानतळ हा त्या तळाचा एक कोपरा आहे, धावपट्टी वायुदलाची. १९३७च्या विमान नियमांतला तेरावा नियम शासकीय विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ देत नाही. त्याशिवाय १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम आहे. आम्ही तो नंतर मुद्दाम वाचला. संरक्षित जागांविषयीच्या कलमात शत्रूला उपयोगी पडावे अशा हेतूने केलेले रेखाचित्र, आराखडा, प्रतिकृती यांच्याबरोबर टिपणाचाही उल्लेख आहे. 'टिपण' हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द. वर्गात आम्ही तो दिवसातून दहा वेळा उच्चारतो.

यातला विनोद असा की हा छंद वाढवला तो सरकारांनीच. युद्धकाळात ब्रिटनमध्ये हजारो नागरिक स्वयंसेवक टेकड्यांवर बसून शत्रूची विमाने ओळखत. त्यांच्या दलाला १९४१मध्ये 'रॉयल' ही उपाधी मिळाली. त्याच वर्षी 'द एअरोप्लेन स्पॉटर' नावाचे नियतकालिक निघू लागले. विमानांच्या काळ्या छायाकृती पाठ करणे हे देशकार्य होते. युद्ध संपले, सवय उरली. साठ वर्षांनी, नोव्हेंबर २००१मध्ये, ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळाजवळ बारा ब्रिटिश आणि दोन डच विमाने पाहणारे हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. एप्रिल २००२मध्ये ते दोषी ठरले, नोव्हेंबर २००२मध्ये अपिलात सुटले. त्यांच्या बचावातला सगळ्यात अवघड भाग हा की असा काही छंद असतो, हेच आधी न्यायालयाला पटवून द्यायचे होते. फेब्रुवारी २०१०मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांच्या नोंदी करणारे दोन ब्रिटिश नागरिक असेच अडकले आणि पुढे दंड भरून घरी गेले. ज्या भाषेत, ज्या समाजात एखाद्या कृतीला नाव नसते तिथे तिला जवळचे उपलब्ध नाव चिकटते. विमाने पाहण्याच्या सगळ्यात जवळ उभा असलेला शब्द 'टेहळणी' हा आहे. लष्कराची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. लढाऊ विमाने कधी, किती, कोणत्या दिशेने सुटतात याची कुणी पद्धतशीर नोंद ठेवली तर ती निरुपद्रवी असतेच असे नाही. नागरी विमानांची जागा मात्र आज कोणीही फोनवर, नकाशावर सरकणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांत पाहू शकतो. त्यासाठी टेकडी चढण्याचे कारण नाही. टेकडी चढतो तो ठिपक्यासाठी चढत नाही, एवढेच.

आता वहीकडे. महिन्याच्या पहिल्या अठरा पानांत मुलाने अगदी कोरड्या नोंदी केल्या होत्या. वेळ, दिशा, प्रकार, अक्षरे दिसली तेवढी, हवा. अक्षरे त्याला क्वचितच मिळत, कारण दुर्बीण एका शेजाऱ्याकडून मागून आणलेली होती आणि तिचे एक भिंग बुरशीने धुरकटलेले. त्यामुळे 'व्हीटी-आय' आणि पुढे दोन रेघा, अशी अर्धवट नावे पानोपानी. पण मध्येच त्याचा हात सैल सुटे. सुखोईच्या आवाजाचे वर्णन त्याने असे केले होते की वडिलांच्या लेथवर टूल बोथट झाले की जॉब किंचाळतो, तसा हा आवाज सुरू होतो, आणि वडील लगेच मशीन बंद करतात तसे इथे कुणी करीत नाही. आम्ही वीस वर्षे प्रतिमा शिकवतो. पिंपरी-चिंचवडच्या आकाशावर यापेक्षा नेमके वाक्य आमच्या वाचनात नाही. आणखी एका पानावर शेजारच्या, मूळच्या मुळशीकडच्या म्हातारीशी झालेले बोलणे होते. तिने त्याला विचारले होते, "इमान मोजतोस व्हय रं?"

मावळ-मुळशीच्या बोलीत विमानाचे 'इमान' होते, हे आमच्या विषयातल्यांना सांगायला नको. आद्य 'वि'चा 'इ' होण्याची ही जुनी खोड. पण अरबीतून आलेला, निष्ठा या अर्थाचा 'इमान' हा शब्दही मराठीत तितकाच मुरलेला. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे. मुलाने त्या म्हातारीच्या वाक्याखाली काहीच लिहिले नव्हते. फक्त शब्दाखाली रेघ ओढली होती.

हा मुलगा मुसलमान आहे. एरवी हे सांगण्याची गरज पडली नसती. जानेवारीतल्या एका रविवारी दोघे मित्र एका सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभे होते. जागेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. विमानतळाची भिंत तिथून दिसतही नव्हती, फलकही नव्हता. दोन पोलिसांनी हटकले. कॅमेरावाल्याची चित्रे पाहिली, सगळी प्रवासी विमानांची होती, पुसून टाकायला सांगितली. त्याने पुसली. मग दुसऱ्याचे नाव विचारले. त्यानंतरचे प्रश्न वेगळे होते. वडील काय करतात, मूळ गाव कोणते, मोबाइल दाखव, वही दाखव, या वेळा कशासाठी, या दिशा कशासाठी. दोघांना चौकीवर नेले. कॅमेरावाल्याला जायला सांगितले होते, तो गेला नाही, बाकावर बसून राहिला. हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. अडीच तासांनी आमच्यापैकी एक महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या कामाचा कागद घेऊन तिथे पोचला.

चौकीतला अधिकारी असभ्य नव्हता. त्याने चहा मागवला. वहीची तीन-चार पाने शांतपणे वाचली आणि लेथच्या वाक्यापाशी किंचित हसलाही. मग त्याने विचारले, "सर, मुलानं लिहिलंय चांगलं. पण हे कशासाठी?" ललित गद्याचा उद्देश पोलीस चौकीत सांगायची वेळ येईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते. 'निरीक्षणशक्ती वाढावी म्हणून' असे उत्तर दिले. ते खरे होते, आणि देताना लक्षात आले की त्या खोलीत याहून वाईट उत्तर दुसरे नसेल. शेवटी 'गुण आहेत याला' म्हटल्यावर अधिकाऱ्याचे समाधान झाले. गुणांसाठी माणसे काहीही करतात, हे त्याला माहीत होते. मुलाला सोडले. वही परत दिली, काही पानांची छायाचित्रे आधी काढून घेतली. काढताना कुणाची परवानगी लागली नाही.

त्यानंतरच्या बारा पानांत वही बदलली. वेळ गेली. दिशा गेली. प्रकार गेला, अक्षरे गेली. पहिलीच नोंद होती: 'आज एक आले. पोट पांढरे होते.' दुसऱ्या दिवशी: 'आवाज ऐकला. वर पाहिले नाही.' पुढे एका पानावर फक्त अंगणात वाळत घातलेल्या चादरीवरून सरकलेली सावली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी: 'ढग.' वही आमच्या टेबलावर आली तेव्हा आमच्यात वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणूनच हा लेख.

एकाचे म्हणणे असे की उत्तरार्ध वाङ्मयीन दृष्ट्या निर्विवाद श्रेष्ठ आहे. संयम आहे, सूचकता आहे, अनुभव सांगण्याऐवजी त्याची जागा मोकळी सोडली आहे. नाव काढून ही पाने वर्गात वाचून दाखवली तर कोणत्याही चांगल्या नियतकालिकात छापून आलेली वाटतील. दुसऱ्याचे म्हणणे: ही सूचकता त्याची नाही, चौकीची आहे. आपण ज्याला संयम म्हणतो ते पोराने स्वतःला लावलेले कुलूप आहे, आणि त्या कुलपाला गुण देणे त्याला जमणार नाही.

यावर पहिल्याने 'कीचकवधा'चे उदाहरण काढले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७मध्ये महाभारतातल्या कथेचा पडदा घेतला आणि प्रेक्षकांना त्यामागे लॉर्ड कर्झन दिसला. १९१०मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दडपणाखाली भाषा तल्लख होते, हे आपण दर वर्षी शिकवतो. मग याच मुलाच्या बाबतीत आक्षेप का? प्रश्न रास्त आहे. पण आम्ही नाटक पुन्हा चाळले तेव्हा फरक लक्षात आला. खाडिलकरांचा मुखवटा अधिक बोलण्यासाठी होता. प्रत्येक प्रेक्षकाला तो कळत होता, सरकारलाही कळला, म्हणून तर बंदी आली. या मुलाची 'आज एक आले' ही नोंद कुणालाच काही सांगत नाही, कारण ती कुणालाच काही सांगू नये म्हणून लिहिलेली आहे. ती आपल्याला सुंदर वाटते ती आपल्याला पहिली अठरा पाने माहीत आहेत म्हणून. एकटी वाचली तर ती सुंदर आहे की नुसती भित्री, हे ठरवण्याचे साधन समीक्षेकडे नाही. निदान आमच्याकडे नाही.

दुसऱ्यालाही एक प्रश्न सुटला नाही. पहिल्या अठरा पानांतल्या वेळा आणि दिशा त्याला इतक्या मोलाच्या का वाटतात? त्यांत वाङ्मय नाही. तो म्हणतो, कारण त्या खऱ्या आहेत. आणि या वयाच्या मुलाला सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी आपण एका जागी उभे होतो आणि एक गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहिली, एवढे निर्धास्तपणे लिहिता आले पाहिजे. गुण शेवटी एकमताने दिले. किती, ते सांगणे नियमाला धरून होणार नाही.

या भागात वर पाहण्याची परंपरा नाही असेही नाही. आकुर्डीहून देहू दहा-बारा किलोमीटर. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दुपारी, तिथल्या नांदुरकीच्या झाडाखाली अफाट गर्दी असते आणि झाडाची पाने केव्हा हलतात हे पाहायला सगळ्यांच्या माना वर असतात. त्या क्षणी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले, ही श्रद्धा. त्या जाण्याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. ते इथे उकरत नाही. पण मराठी मनातले पहिले विमान हेच, आणि प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलालांनी गरुडाच्या रूपातले ते वाहन पडद्यावर उडवून दाखवल्यापासून त्याला ठरलेला आकारही मिळाला. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लोहगावच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, तेव्हा आमच्या विभागात यावरून बरेच विनोद झाले. वहीवाल्या मुलाने मात्र गंभीरपणे विचारले होते की तुकोबांना जाताना पाहणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली आहेत का. परंपरेत तुकोबांच्या टाळकऱ्यांची यादी आहे, असे आम्ही सांगितले. ती त्याने उतरवून घेतली, सगळी चौदा नावे.

मे २०२५मध्ये, सीमेवरच्या संघर्षानंतर, लष्करी धावपट्ट्या वापरणाऱ्या विमानतळांसाठी आदेश निघाला: विमान दहा हजार फुटांवर पोचेपर्यंत आणि उतरताना दहा हजारांखाली आल्यावर प्रवाशांनी खिडक्यांचे पडदे बंद ठेवायचे. पुण्यालाही तो लागू झाला. आमच्यापैकी एक त्या दिवसांत दिल्लीला एका चर्चासत्राला गेला होता. परतताना पडदे खाली, आतले दिवे मंद, सगळे प्रवासी गप्प. चाके उघडल्याचा धक्का जाणवला. त्यावरून त्याने अंदाज बांधला की आता आकुर्डी डाव्या हाताला असावी.

महिनाभराने पालखी आली. ज्येष्ठातली संध्याकाळ, पाऊस येतो-येतो म्हणणारा. विठ्ठल मंदिराच्या रस्त्यावर माणसांचा पूर, आणि प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला फोन. वरून दोन ड्रोन फिरत होते. कॅमेरावाला मुलगा गर्दीत घुसून पालखीची चित्रे काढत होता; त्याला कुणी विचारले नाही. वहीवाला आमच्याबरोबर दुकानाच्या पायरीवर उभा होता. परीक्षा संपली होती, वही परत त्याच्याकडे गेली होती, तरी त्याने ती पिशवीत आणली होती. पूर्वेकडून आवाज आला. वारा पश्चिमेचा, म्हणजे सुटलेले विमान. टाळ-मृदंगाच्या आवाजात ते आम्हांला जवळजवळ दिसल्यावरच कळले. ढगाच्या खालच्या कडेला क्षणभर दिवा लुकलुकला. मुलाने वही काढली, मंदिरासमोरच्या घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून अठरा मिनिटे, असे लिहिले. पुढे 'पश्चिमेकडे', आणि प्रकाराच्या रकान्यात 'ओळखता आले नाही'.